केप टाउन : किराण्याचे दुकान आणि डोंगराची वाट

परदेशी जायचे म्हटले की आपल्या घरांत दोन चिंता आधी डोके वर काढतात. खायचे काय, आणि बायका-मुले, वडीलधारी माणसे बरोबर असताना फिरायचे कसे? टूर कंपनीबरोबर गेले की दोन्ही चिंता मिटतात खऱ्या, पण मग तो देश बसच्या काचेतूनच दिसतो. एखाद्या नवख्या गावाशी ओळख करून घ्यायची असेल तर दोन ठिकाणी आपल्या पायांनी जावे असे आम्हाला वाटते: तिथल्या किराण्याच्या दुकानात आणि तिथल्या डोंगरावर. दुकानात माणसे कळतात, डोंगरावरून गाव कळते. दोन्हींना तिकीट नाही.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनला तेरा दिवस राहून आलो. आम्ही दोघे, आमची दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी. अम्मींचे माहेर श्रीवर्धन तालुक्यातले. त्यांचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी जहाजाने केपला गेले आणि तिथेच वारले. जायचे खरे कारण तेच होते, पण ते पुढे सांगू.

कोकणातल्या वाचकांना केप टाउन हे नाव नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी आणि तेव्हाचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या भागांतले कितीतरी मुसलमान पोटासाठी तिथे गेले. कोणी चपला-बूट शिवले, कोणी भाजी विकली, आणि पुष्कळांनी कोपऱ्यावरची लहान किराणा दुकाने टाकली. आजही तिथे 'कोकनी' ही वेगळी ओळख आहे. त्यांच्याही आधी, डच लोकांनी १६५२ मध्ये वसाहत केल्यानंतर, आजच्या इंडोनेशियातून, बंगालमधून, दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरून गुलाम आणि राजबंदी आणले गेले. त्यांच्यातल्या मुसलमानांची संतती आज 'केप मलाय' म्हणून ओळखली जाते. गंमत अशी की हे केप मलाय शाफई, आणि आमचे कोकणी मुसलमानही शाफई. त्यामुळे पहिल्याच दिवशी अस्रच्या जमाअतीला उभे राहताना मुलांना काहीच वेगळे वाटले नाही. फक्त किब्ल्याची दिशा चुकल्यासारखी वाटली. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, तिथे उत्तरेला, थोडासा पूर्वेकडे कललेला. शिवाय दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगाला असतो. सातवीतल्या आमच्या मुलाने भूगोलाच्या पुस्तकात हे वाचले होते, पण सावली दक्षिणेकडे पडलेली पाहून तो अंगणात बराच वेळ उभा राहिला.

आता दुकानाकडे वळू.

पहिल्या दिवशी यादी घेऊन दुकानात शिरू नये. पिशवी रिकामी ठेवून एक फेरी मारावी. पिक एन पे, चेकर्स, शॉपराइट, स्पार, वूलवर्थ्स ही तिथली मोठी दुकाने. रँडचा रुपयांतला हिशेब मनात ठेवून नुसत्या किमती वाचत जावे. वूलवर्थ्स महाग, शॉपराइट स्वस्त, हे अर्ध्या तासात कळते. प्लॅस्टिकच्या पिशवीचे वेगळे पैसे घेतात, तेव्हा घरूनच दोन कापडी पिशव्या न्याव्यात. किमतीत १५ टक्के व्हॅट धरलेला असतो, पण गरिबाच्या ताटातल्या काही वस्तूंना तो लागत नाही: ब्राउन ब्रेड, मक्याचे पीठ, तांदूळ, डाळी, दूध, अंडी, ताजी भाजी आणि फळे. पांढऱ्या पावाला कर, तपकिरी पावाला नाही! आम्ही तेरा दिवस तपकिरी पावच खाल्ला, आणि तो चवीलाही चांगला असतो.

हलालबद्दल केप टाउनमध्ये जितके निश्चिंत राहता येते तितके बिगरमुस्लिम देशांत क्वचितच राहता येत असेल. तिथे हा शब्द 'हलाल'मधला दुसरा 'अ' लांबवून, इंग्रजीत दोन 'ए' घालून लिहितात. पाकिटावर शिक्के असतात. मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिलचा एक, आणि साऊथ आफ्रिकन नॅशनल हलाल ऑथॉरिटी, म्हणजे 'सान्हा', हिचा दुसरा. कोंबडीच्या बहुतेक पाकिटांवर, बिस्किटांवर, लोण्यावर, अगदी मसाल्याच्या डब्यांवरही यांतला एखादा शिक्का सापडतो. मुलांना आधी हा शिक्का ओळखायला शिकवावे. आमच्या मुलीने दुसऱ्या दिवसापासून हे काम आपल्याकडे घेतले आणि आम्हालाच अडवू लागली.

तरी डोळे उघडे ठेवायला हवेत. मोठ्या दुकानांत वाइनची कपाटे किराण्याच्या रांगांतच असतात आणि डुकराचे मांसही त्याच छताखाली विकले जाते. बहुतेक वेष्टनांवर इंग्रजी असते, पण पाटी आफ्रिकान्स भाषेत असेल तर चार शब्द पाठ असावेत: 'फार्क' म्हणजे डुक्कर, 'स्पेक' म्हणजे त्याचे खारवलेले मांस, 'वेन' म्हणजे वाइन, 'ब्रांडवेन' म्हणजे ब्रँडी. 'टिप्सी टार्ट' नावाचा खजुराचा गोड केक दिसायला फार मोहक असतो. त्यात ब्रँडी मुरवलेली असते. 'बुरवॉर्स' हा गोल गुंडाळलेला सॉसेज गोमांसाचा म्हणून विकतात, पण त्यात पुष्कळदा डुकराची चरबी मिसळलेली असते. 'बिल्टोंग' म्हणजे सिरका आणि धणे लावून वाळवलेले मांस. आपल्या खारवलेल्या गोश्ताच्या जातीतलेच. हे दोन्ही पदार्थ मुसलमान खाटकाकडूनच घ्यावेत. मऊ गोळ्या, जेली, मार्शमेलो यांत जिलेटिन असते. तिथे गुरांच्या जिलेटिनचे, शिक्का असलेले मार्शमेलोही मिळतात, फक्त शोधावे लागतात. उपाहारगृहाच्या दारावरचा रंग उडालेला स्टिकर पाहून आत शिरू नये. गल्ल्याजवळ प्रमाणपत्र लावलेले असते, त्यावरची मुदत वाचावी. विचारायला लाजू नये. तिथे कोणी वाईट मानत नाही, उलट मुसलमान नसलेली मुलेही काउंटरवरून लगेच प्रमाणपत्राकडे बोट दाखवतात.

मोठे दुकान पाहून झाले की बो-कापला जावे. सिग्नल हिलच्या उतारावरची ही जुनी मुस्लिम वस्ती तिच्या रंगीबेरंगी घरांमुळे सगळ्यांच्या फोटोंत असते. त्या घरांत माणसे राहतात. दुसऱ्याच्या ओट्यावर चढून फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना तिथले लोक कंटाळले आहेत, तेव्हा आपण तरी सलाम करून विचारावे. डॉर्प स्ट्रीटवर १७९४ सालची अव्वल मशीद आहे, दक्षिण आफ्रिकेतली पहिली. तिचे पहिले इमाम तुआन गुरू, म्हणजे इंडोनेशियातल्या तिदोर बेटावरचे इमाम अब्दुल्ला काझी अब्दुस्सलाम. डचांनी त्यांना रॉबेन बेटावर कैदेत टाकले तेव्हा त्यांनी स्मरणातून कुरआन लिहून काढला. हे तेच बेट, जिथे पुढे नेल्सन मंडेलांना ठेवले गेले. उर्दू शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. केपच्या मुसलमानांनी आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली. अबू बक्र एफेंदी यांचे 'बयानुद्दीन' हे तसे पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापले गेले. आफ्रिकान्सला पुढे गोऱ्यांची भाषा म्हणून मिरवले गेले, पण तिच्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांत मदरशासाठी लिहिलेले हे पुस्तक आहे.

वेल स्ट्रीटवर अॅटलस ट्रेडिंग कंपनी नावाचे मसाल्याचे दुकान १९४६ पासून चालू आहे. दारातच जिरे, धणे, दालचिनी आणि तिखटाचा वास नाकात घुसतो आणि अम्मी म्हणाल्या, "हे तर आपल्या पेठेतलं दुकान." मसाले मोकळे असतात, तोलून देतात. इथे एका शब्दाने आम्हाला थांबवले. बडीशेपेला तिथले मलाय लोक 'बारीशाप' म्हणतात. हळदीला 'बोरी', धण्याला कोणी 'कोल्याना' म्हणतो तर कोणी सरळ 'धनिया'. भाषा शिकवणाऱ्या माणसाला मसाल्याच्या दुकानातून ओढून बाहेर काढावे लागते. आम्हाला मुलांनी काढले.

रविवारी सकाळी बो-कापमध्ये आणि इतर मुस्लिम वस्त्यांत घराघरांतून 'कूसिस्टर' विकतात. सुंठ, वेलची, दालचिनी घातलेले तळलेले गोळे पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले. दुकानात याच नावासारखी, वेणी घातलेली, थंड पाकातली मिठाई मिळते. ती डच वंशाच्या लोकांची, वेगळी. वाद घालू नये, दोन्ही खाव्यात. रमजानच्या पंधराव्या रात्री तिथे 'बूबर' करतात. दूध, शेवया, साबुदाणा, सुका मेवा. आपल्या शीरखुर्म्याचीच ती चुलत बहीण. मे महिन्यात 'नार्ची' नावाची लहान, सैल सालीची संत्री येतात. हा शब्द तमिळमधून गेला असे सांगतात. आणि कोकणातल्या माणसाने 'स्नूक' हा मासा चुकवू नये. काटे मोठे, चव आपल्या ओळखीची. धुरी दिलेला तर फारच छान.

पण अम्मींना जायचे होते ते रायलंड्सला. वर्णभेदाच्या काळात हा भाग सरकारने 'भारतीयांसाठी' म्हणून आखून दिला होता. तिथेच आमचे मामू, म्हणजे अम्मींचे चुलत-मावस नात्यातले भाऊ, राहतात. हबीबिया मशिदीपासून जवळच. तिथल्या एका लहानशा दुकानात तांदळाचे पीठ घ्यायला आम्ही गेलो. गल्ल्यावरच्या वृद्ध गृहस्थांनी अम्मींचे मराठी वळणाचे उर्दू ऐकले आणि इंग्रजी सोडून विचारले, "तुम्ही कोन्च्या गावच्या?" अम्मींनी गाव सांगितले. त्यांनी खुर्ची पुढे केली. पुढचा पाऊण तास पिठाचे कोणी नाव काढले नाही.

या दुकानांना केपमध्ये 'बाबी शॉप' म्हणत. शब्दात थोडी हेटाळणी होती, पण उधारीवर साखर आणि पाव मिळण्याचे ठिकाणही तेच होते. दुकानदार पहाटे उठून रात्री उशिरा दार लावायचा आणि फळीमागेच झोपायचा. बायको-मुले कोकणात. कारण केपच्या १९०६ च्या कायद्याने नव्याने येणाऱ्याला युरोपातली एखादी भाषा लिहिता येण्याची अट घातली होती, आणि जे आधीच तिथे होते त्यांना गावी जायचे तर मुदतीचा परवाना घ्यावा लागे. मुदतीत परतला नाही तर दार बंद. म्हणून माणूस चार-सहा वर्षांनी एकदा यायचा, काही महिने राहायचा, आणि पुन्हा जहाज. अम्मींच्या आजोबांच्या अशा तीन खेपा झाल्या. चौथी झाली नाही. १९४६ मध्ये भारताने वर्णभेदाच्या निषेधात दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. पुढे आपल्या पासपोर्टवरच 'दक्षिण आफ्रिकेसाठी नाही' असे लिहिलेले असे. संबंध पुन्हा जुळले ते १९९३ मध्ये. निषेध योग्यच होता. पण या मधल्या वर्षांत किती घरांतली पत्रे थांबली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

आजोबांचे दुकान डिस्ट्रिक्ट सिक्समध्ये होते, एवढेच अम्मींना ठाऊक होते. शहरालगतचा हा मिश्र वस्तीचा भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी 'फक्त गोऱ्यांसाठी' जाहीर झाला आणि साठ हजारांवर माणसांना हलवून घरे पाडली गेली. मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. आजही तिथे बरीचशी गवताची रिकामी जमीन आहे. म्हणजे शोधायला दुकानच नाही. डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयात मात्र जमिनीवर जुन्या रस्त्यांचा मोठा नकाशा पसरलेला आहे, आणि तिथून हलवल्या गेलेल्या लोकांनी आपापल्या घराच्या जागी नावे लिहिली आहेत. अम्मी चप्पल काढून त्या नकाशाच्या कडेला बसल्या. आजोबांचे नाव त्यावर असणार नव्हते, ते तर आधीच गेले होते. तरी हॅनोव्हर स्ट्रीटच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी मामूंनी मोब्रेच्या मुस्लिम कब्रस्तानात नेले. कबर कोणती ते सांगणारे कोणी उरलेले नाही. फाटकाशी उभे राहून सगळ्यांसाठी फातिहा पढली आणि परत आलो. अम्मी गाडीत म्हणाल्या, "आता डोंगरावर न्या मला. ते रोज बघत असतील तो."

तर आता डोंगर.

टेबल माउंटन समुद्रसपाटीपासून १,०८६ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे उंचीत आपण पुढे. पण हा डोंगर थेट समुद्राशेजारून उठतो आणि माथा माथेरानसारखा सपाट, त्यामुळे डोळ्यांना तो दुप्पट वाटतो. वर जायला १९२९ पासून रोपवे आहे. आताच्या गोल पाळण्यांची फरशी चढता चढता गोल फिरते आणि ते पाच मिनिटांत माथ्यावर पोचवतात. वाऱ्यात तो बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चालू आहे का ते पाहावे. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच न करता पाळण्यानेच जावे.

पायी जायच्या वाटा मात्र फुकट आणि कितीतरी. ज्यांना चढ नको त्यांनी 'पाइप ट्रॅक' घ्यावा. क्लूफ नेक या खिंडीपासून निघणारी ही वाट १८८७ मध्ये पाण्याच्या नळासाठी काढली. डोंगराच्या कमरेवरून जवळजवळ सपाट जाते, उजव्या हाताला समुद्र. कंटाळा येईल तिथून मागे फिरावे. कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात (हे १९१३ चे, तिकीट आहे) वृद्ध आणि लहान मुले यांना अर्धा दिवस सहज जातो. या भागातल्या 'फेनबोस' नावाच्या झुडपी रानात जगात दुसरीकडे न आढळणाऱ्या वनस्पती हजारोंनी आहेत. लायन्स हेड ६६९ मीटरचा सुळका, त्यावर शेवटी शिड्या आणि साखळ्या येतात. आमची मुले सह्याद्रीत फिरलेली म्हणून चढली. सवय नसेल तर शिड्या टाळून जाणारी बाजूची वाट घ्यावी.

'प्लाटेक्लिप' घळीची वाट सर्वांत सरळ आणि सर्वांत दमवणारी. सुमारे सातशे मीटरचा चढ, दगडी पायऱ्या, कुटुंबाच्या चालीने अडीच-तीन तास. नावे कळली की वाटा ओळखीच्या होतात. 'क्लूफ' म्हणजे घळ, 'नेक' म्हणजे खिंड, 'कॉप' म्हणजे माथा, 'प्लाटेक्लिप' म्हणजे सपाट खडक. आणि 'खेफार' किंवा खोसा भाषेतले 'इंगोझी' पाटीवर दिसले तर पुढे जाऊ नये, दोन्हींचा अर्थ धोका.

मे म्हणजे तिथे हिवाळ्याची सुरुवात. सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा डोंगरावर ढगाची पांढरी चादर अंथरतो, हिवाळ्यात वायव्येकडून पाऊस आणि गारठा येतो. म्हणून निघण्याआधीच परतीची वेळ ठरवावी, आणि ती घरातल्या सर्वांत हट्टी माणसाच्या तोंडून वदवून घ्यावी. आमच्याकडे ती मुलाने सांगितली: वर पोचलो नाही तरी बारा वाजता मागे. सिग्नल हिलवरची तोफ रविवार सोडून रोज दुपारी बाराला उडते, त्यामुळे घड्याळाशी भांडता येत नाही. पहिल्या दिवशी आम्ही घळीच्या दोन-तृतीयांशावर असताना समुद्रावरून करडा ढग आत सरकला आणि वरची कड दिसेनाशी झाली. तोफ उडाली. मुलाने वर पाहिले, आमच्याकडे पाहिले. "फक्त अर्धा तास," तो म्हणाला. आमच्या पुढचे चार तरुण वरच जात होते, त्यामुळे नाही म्हणणे आणखी जड गेले. पण ओल्या दगडावरून उतरणे चढण्यापेक्षा वाईट, आणि धुक्यात त्या माथ्यावरून कड्याची वाट चुकून दरवर्षी माणसे अडकतात. आम्ही उतरलो. मुलगा खालपर्यंत बोलला नाही. खाली आलो तेव्हा पाऊस लागला होता आणि रोपवे बंद झाला होता. तीन दिवसांनी आकाश निवळल्यावर पुन्हा गेलो आणि साडेअकराला माथ्यावर होतो. अम्मी मामूंबरोबर पाळण्याने आमच्या आधीच येऊन बसल्या होत्या.

आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. या डोंगरावर लुटालूट होते. एकट्याने किंवा दोघांनीच जाऊ नये, चारजण तरी असावेत. निर्जन वाट आणि संध्याकाळ टाळावी. मोबाइल हातात नाचवू नये, दागिने घरी ठेवावेत. कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे. वाटेच्या सुरुवातीला पाटीवर राष्ट्रीय उद्यानाचा मदतीचा नंबर असतो, तो फोनमध्ये घ्यावा. मोबाइलवरून ११२ हा नंबरही चालतो. स्थानिक माणूस बरोबर असेल तर उत्तम. शनिवार-रविवारी वाटांवर गर्दी असते आणि तीच खरी सोबत.

भगिनींसाठी थोडेसे. जमिनीला टेकणारा बुरखा त्या उंच पायऱ्यांवर पायात येतो. घोट्याच्या वर राहील असा लांब कुर्ता, सैल पायजमा आणि टाचणी लावून घट्ट बांधलेली ओढणी पुरते. वारा सैल ओढणी टिकू देत नाही. हिजाब घालून चढणाऱ्या कितीतरी स्थानिक मुली भेटल्या, "सलाम, आंटी" म्हणत पुढे निघून जाणाऱ्या. चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट हवेत. माणशी दीड-दोन लिटर पाणी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की, एक पातळ जाकीट. खाणे उघडे ठेवू नये. माथ्यावर 'डासी' नावाचे सशाएवढे प्राणी पायाशी येतात, त्यांना काही देऊ नये. केप पॉइंटच्या बाजूला गेलात तर तिथले बबून माकड पिशवीच हिसकावते.

डोंगरावरच्या झऱ्यांचे पाणी चहासारखे तपकिरी असते. मुलीला शंका आली, या पाण्याने वुजू होईल का? मामू म्हणाले, रंग रानातल्या पाल्याचा आहे, पाण्यात कोणी काही मिसळलेले नाही. आमची पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्याने वुजू होत आली. ते पाणी बर्फासारखे गार होते. माथ्यावर दगडांच्या आडोशाला चटई टाकून जुहर पढलो. समोर बंदर, त्यापलीकडे रॉबेन बेट, आणि किब्लाही जवळजवळ त्याच बाजूला. सलाम फेरल्यावर अम्मींनी विचारले, डिस्ट्रिक्ट सिक्स कोणते? मामूंनी उजव्या हाताच्या उतारावरचा हिरवा मोकळा तुकडा दाखवला. त्या तिकडे तोंड करून बराच वेळ बसल्या. आम्ही मुलांना घेऊन जरा लांब गेलो.

परतीच्या सामानात अॅटलसचे मसाले, मुलांसाठी शिक्क्याचे मार्शमेलो आणि रूइबोस चहाची चार पाकिटे होती. रूइबोस केपच्या उत्तरेला सेडरबर्गच्या डोंगरात होतो. त्यात कॅफिन नसते, म्हणून रात्री चालतो. तो दहा मिनिटे तरी उकळू द्यावा, नाहीतर नुसते लाल पाणी. अम्मी त्यात दूध आणि वेलची घालतात.